बाबांचा स्कोर ६ आला, आता पुढचा स्ट्रोक कधी?

पत्र असं आलंय, थोडं कमी करून देतेय:

"ताई, माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन स्टेंट टाकलाय, बीपी आणि शुगर त्याच्याही आधीपासून. चार महिन्यांपूर्वी सकाळी उठल्यावर उजवा हात एकदम गळून गेला, बोलणं अडखळायला लागलं, स्ट्रोक निघाला. आता बरेच सावरलेत. अॅडमिट असताना होल्टर (ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र) लावला त्यात एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाचे अनियमित ठोके) सापडलं म्हणून रक्त पातळ करायची गोळी सुरू केली, दिवसातून दोनदा. स्टेंटच्या वेळची अॅस्पिरिन चालूच आहे. परवा भावाने मोबाईलवर कुठल्यातरी कॅल्क्युलेटरमध्ये सगळं भरलं तर स्कोर ६ आणि वर्षाला ९.८ टक्के धोका असं आलं, आणि ते बाबांनी वाचलं. तेव्हापासून ते बाथरूमला पण एकटे जायला घाबरतात, फिरायला जाणं बंद केलंय. पुढचा स्ट्रोक कधी येईल हे सांगणारी एखादी टेस्ट आहे का? एमआरआय परत करू का? ते ईसीजीवालं घड्याळ घेऊन देऊ का? आणि अजून एक, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं म्हणून बाबा संध्याकाळची गोळी बरेचदा घेत नाहीत, ते चालेल ना? तुमची धाकटी बहीण समजून सांगा."

अगं, तू जो प्रश्न जाता जाता शेवटी टाकलायस ना तोच मी आधी घेते, कारण बाकी सगळं पत्र दोन दिवस थांबलं तरी चालेल पण हे थांबणार नाही. नाही, चालणार नाही. संध्याकाळची गोळी आजपासून रोज जायला हवी, आणि हिरड्यांचं काय करायचं ते खाली सांगते, पण आधी गोळी.

का ते नीट समजून घे, म्हणजे बाबांना सांगता येईल. एएफ म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरत राहतात. डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, रक्त तिथे साचून राहतं, साचलं की गुठळी धरते, आणि ती सुटली की मानेतल्या रक्तवाहिनीतून थेट मेंदूत. एएफमुळे स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट होतो असं अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या जुन्या अभ्यासापासून सांगतात, आणि अशा गुठळीचा स्ट्रोक बहुतेक वेळा मोठा असतो, कारण गुठळीच मोठी असते. बाबा हातावर आणि बोलण्यावर सुटले हे खरंच बरं झालं.

आता या नवीन गोळ्या. यातल्या ज्या दिवसातून दोनदा द्यायच्या असतात (अपिक्साबॅन आणि डॅबिगाट्रान या दोन, तुझ्या बाबांची यातलीच एक असणार, स्ट्रिपवर बघ) त्या दोनदा देतात कारण त्यांचं रक्तातलं प्रमाण साधारण बारा तासांत अर्ध्यावर येतं. वॉरफरिनसारखं नाहीये, ती जुनी गोळी शरीरात हळू चढते आणि हळू उतरते, एखादा दिवस चुकली तरी थोडाफार असर शिल्लक राहतो. या नवीन गोळ्यांचा असर झटकन येतो आणि तसाच झटकन जातो. म्हणजे संध्याकाळची गोळी चुकली की रात्रभर आणि पहाटे, दुसऱ्या दिवशीची सकाळची गोळी लागू होईपर्यंत, बाबांचं संरक्षण फारच तुटपुंजं राहतं. एकदाच घेतली म्हणजे निम्मा फायदा मिळाला असा त्याचा हिशोब होत नाही गं. आणि कधी विसरलेच तर आठवेल तेव्हा घ्यायची का पुढच्या वेळेची वाट बघायची हे त्या त्या गोळीप्रमाणे बदलतं, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे, पण कुठल्याही परिस्थितीत दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

हिरड्यांचं. ब्रश करताना थोडं गुलाबी येणं हे या गोळ्यांवर असलेल्या लोकांमध्ये खूप कॉमन आहे, आणि बहुतेक वेळा मूळ दुखणं हिरड्यांचंच असतं, गोळी ते फक्त उघडं पाडते. मऊ ब्रश आण, डेंटिस्टकडे ने, आणि तिथे पहिलं वाक्य हे सांग की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. दात साफ करण्यासाठी गोळी स्वतःहून बंद करू नका, बरीच कामं गोळी चालू ठेवून होतात, ते डेंटिस्ट आणि कार्डिओलॉजिस्ट आपसात ठरवतील. घाबरायचं रक्त वेगळं: लघवीतून लाल येणं, शौच डांबरासारखी काळी होणं, उलटीत रक्त, नाकातलं थांबतच नाही असं, किंवा डोक्यावर पडले, मग बाहेरून जखम दिसत नसली तरी. यातलं काहीही झालं तर लगेच हॉस्पिटल.

आता त्या ९.८ कडे येऊ. तो आकडा नेमका काय आहे ते कळलं की त्याचा दरारा निम्म्याने उतरेल.

तुझ्या भावाने जे भरलं तो चॅड्स-वास्क स्कोर, एएफच्या पेशंटचा स्ट्रोकचा धोका मोजणारा. आधी २००१ मध्ये अमेरिकेत चॅड्स म्हणून छोटा स्कोर आला, मग २०१० मध्ये बर्मिंगहॅमच्या ग्रेगरी लिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वाढवून हा केला. बाबांचं गणित मी पण करून बघितलं, बरोबर आहे भावाचं: वय ६५ ते ७४ चा एक, बीपीचा एक, शुगरचा एक, हार्ट अटॅक येऊन गेलाय त्याचा एक, आणि आधीच्या स्ट्रोकचे दोन, झाले सहा. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर अजून एक, ते तू लिहिलं नाहीयेस, इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टमध्ये बघ. (आईचा स्कोर काढायला बसाल तर एक लक्षात ठेव, जुन्या पद्धतीत बाई असल्याचा एक जास्तीचा पॉइंट होता, तो युरोपच्या कार्डिओलॉजी सोसायटीने २०२४ च्या गाइडलाइनमध्ये काढून टाकलाय.)

तर सहाला वर्षाला ९.८ टक्के. हा आकडा रक्त पातळ करायची गोळी न घेणाऱ्या माणसांसाठी काढलेला अंदाज आहे. घेणाऱ्यांसाठी नाही! ही एक ओळ त्या मोबाईलच्या पडद्यावर ठळक लिहिलेली नसते आणि घरोघरी लोक नको तेवढे घाबरतात, मला याचा खरंच राग येतो. बाबांसारखी शंभर माणसं घेतली आणि कुणालाच गोळी दिली नाही तर वर्षभरात दहाएक जणांना स्ट्रोक येईल आणि नव्वद जणांना येणार नाही, असा त्याचा अर्थ. आता त्याच शंभर जणांना गोळी द्या, नीट, रोज. वॉरफरिनच्या जुन्या अभ्यासांत स्ट्रोक साधारण दोन तृतीयांशाने कमी झाले होते, नवीन गोळ्या त्याच्या तोडीच्या किंवा थोड्या सरसच निघाल्यात, आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाण तर वॉरफरिनपेक्षा जवळपास निम्मं. म्हणजे दहाचे राहिले तीन-चार. शून्य नाही झाले, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही, पण दहा आणि तीन यात खूप फरक आहे आणि तो फरक संध्याकाळच्या गोळीत आहे.

अजून एक गंमतीशीर वाटेल पण महत्त्वाची गोष्ट. त्या २०१० च्या तक्त्यात ६ पॉइंटला ९.८ टक्के लिहिलंय, ७ ला ९.६, आणि ८ ला चक्क ६.७. म्हणजे जास्त आजारी माणूस जास्त सेफ असं थोडंच असेल? नसतंच. आठ-नऊ पॉइंटवाली माणसं त्या अभ्यासात फारच थोडी होती म्हणून आकडा असा हेलकावे खातो. यावरून कळतं की दशांश चिन्हापुढचा तो आठ बघून फार अचूक वाटतं पण तसं काही नाहीये, तो एका गटाचा ढोबळ अंदाज आहे, तुझ्या बाबांची तारीख नाही. आणि हे गट तरी कसे पाडलेत बघ, बीपी आहे म्हटलं की एक पॉइंट, मग ते बीपी १२८ वर कंट्रोलमध्ये असो नाहीतर १८० ला असो, पॉइंट एकच. शुगरचंही तेच, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.८ असो का ११, एकच. गोळी चुकवतात का, सिगरेट ओढतात का, किडनी कशी आहे, यातलं काहीच त्यात विचारत नाहीत. म्हणजे जे तुमच्या हातात आहे नेमकं तेच त्या कॅल्क्युलेटरला दिसत नाही.

मग तो बनवला कशाला? एएफच्या पेशंटला रक्त पातळ करायची गोळी सुरू करायची का नाही हे ठरवायला. ज्याला स्ट्रोक येऊन गेलाय त्याला त्या एकाच कारणाचे दोन पॉइंट मिळतात, म्हणजे बाकी काही नसलं तरी गोळी सुरू करण्याइतका स्कोर तिथेच होतो. तुझ्या बाबांच्या बाबतीत तो निर्णय डॉक्टरांनी चार महिन्यांपूर्वीच घेतलाय, स्कोरचं काम संपलं, आता तो रोज काढून बघण्यात काहीच हाशील नाही.

टेस्टचं विचारलंस. पुढचा स्ट्रोक अमुक महिन्यात येईल असं सांगणारी टेस्ट जगात कुठेच नाही, कुणी पॅकेजमध्ये विकत असेल तर पैसे देऊ नकोस. एमआरआय झालेलं नुकसान दाखवतो, पुढचं नाही, म्हणून नवीन लक्षण काही नसताना तो परत काढायची गरज नाही. रक्तातल्या एनटी-प्रोबीएनपी आणि ट्रोपोनिन या दोन टेस्ट, वय आणि आधीचा स्ट्रोक असं मिळून एबीसी नावाचा एक स्कोर आहे, तो चॅड्स-वास्कपेक्षा थोडा बरा अंदाज देतो, पण त्याने तरी काय बदलणार? औषध तेच. घड्याळाचंही तसंच, ते एएफ शोधायला कामाचं, आणि बाबांचं तर सापडलेलंच आहे. उलट दर तासाला मनगटाकडे बघून ते अजून घाबरतील अशी मला भीती वाटते, सध्या नको.

(ज्यांच्या घरी स्ट्रोकचं कारणच सापडलं नाहीये त्यांच्यासाठी मात्र ठोक्यांवर जास्त दिवस नजर ठेवणं फार उपयोगाचं असतं. २०१४ मध्ये आलेल्या एका अभ्यासात असे पेशंट घेऊन निम्म्यांना त्वचेखाली छोटा रेकॉर्डर बसवला, वर्षभरात त्यांच्यातल्या १२.४ टक्के लोकांमध्ये एएफ सापडलं, आणि नेहमीच्या तपासण्या केलेल्यांमध्ये फक्त २ टक्के. एएफ येतं आणि जातं, चोवीस तासांच्या होल्टरमध्ये नेमकं त्या दिवशी आलं नाही तर रिपोर्ट नॉर्मल. तेव्हा 'होल्टर नॉर्मल होता' यावर थांबू नका, डॉक्टरांना विचारा.)

तुझ्यासाठी मी भविष्य सांगणारी टेस्ट शोधण्यापेक्षा धोका कुठे कुठे उघडा राहिलाय ते शोधेन, आणि ते बरचसं तुमच्या फाईलमध्येच मिळेल. अॅडमिट असताना मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) झाला होता का? एएफ सापडलं म्हणून गुठळी हृदयातूनच आली असेल असं दर वेळी नसतं, बाबांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे म्हणजे मानेतल्या वाहिन्यांतही थर असू शकतो, आणि स्ट्रोकच्या बाजूची वाहिनी ७० टक्क्यांच्या वर अरुंद असेल तर तिचा इलाज वेगळा, नुसत्या गोळ्यांवर भागत नाही. रिपोर्ट नसेल तर पुढच्या वेळी आवर्जून विचार. इकोमध्ये पंपिंग किती, व्हॉल्व्ह कसे, गुठळी दिसली होती का ते बघ. डाव्या बाजूचा मायट्रल व्हॉल्व्ह खूप अरुंद असेल किंवा धातूचा व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर या नवीन गोळ्या चालत नाहीत, तिथे वॉरफरिनच लागते आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा टेस्टचा आकडा) सांभाळावा लागतो. तुझ्या पत्रावरून बाबांचं तसं वाटत नाही, पण कन्फर्म कर.

मग डोस. स्ट्रिपवर किती मिलिग्रॅम लिहिलंय ते बघ, आणि बाबांचं वजन व क्रिएटिनिन (किडनीच्या रक्ततपासणीतला आकडा) एका कागदावर लिही. अपिक्साबॅनचं उदाहरण देते, वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिन्हींतल्या दोन गोष्टी असतील तरच ५ ऐवजी अडीच मिलिग्रॅम देतात. पण 'वय झालंय, कमीच बरी' असं म्हणून बऱ्याच जणांना उगाच कमी डोस चालू असतो, आणि त्याने रक्तस्राव फारसा टळत नाही, संरक्षण मात्र कमी होतं. स्वतः काही बदलू नकोस, फक्त विचार की हा डोस बाबांच्या वजनाला आणि किडनीला बरोबर आहे ना. वर्षातून एकदोनदा तरी किडनीची टेस्ट व्हायलाच हवी.

आणि अॅस्पिरिन! पत्रात तू ते अगदी सहज लिहिलंयस पण माझा डोळा तिथेच अडकला. स्टेंटला तीन वर्षं झालीत, मधे दुसरा अटॅक नाही, तरी रक्त पातळ करायची गोळी अधिक अॅस्पिरिन असं दोन्ही चालू आहे. २०१९ मध्ये जपानमधला एक अभ्यास आला, हृदयविकार स्थिर असलेले एएफचे पेशंट, अर्ध्यांना फक्त रिव्हारॉक्साबॅन (रक्त पातळ करायची अशीच एक नवीन गोळी) आणि अर्ध्यांना तीच गोळी अधिक अॅस्पिरिनसारखी एक गोळी. दोन गोळ्यावाल्यांमध्ये रक्तस्राव तर जास्त झालाच पण मृत्यूही जास्त झाले म्हणून तो अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला. म्हणून आता साधारणपणे स्टेंटनंतर एक वर्ष झालं आणि सगळं स्थिर असलं की एकच गोळी ठेवतात. बाबांच्या बाबतीत अॅस्पिरिन मुद्दाम ठेवली असेल, स्टेंटची जागा नाजूक असेल किंवा मानेच्या वाहिनीचं काही असेल, ते मला इथून कळणार नाही, त्यामुळे प्लीज स्वतःहून बंद करू नकोस, पण या आठवड्यातच कार्डिओलॉजिस्टला फोन करून विचार. हिरड्यांतून रक्त येण्याचं एक कारण हेच असू शकतं, आणि तसं असेल तर बघ ना, जी गोळी जीव वाचवते ती बाबा टाळतायत आणि जिची कदाचित गरजच उरली नाहीये ती नियमाने घेतायत. दुखण्याच्या गोळ्याही, म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे, दुकानातून आणून घेऊ देऊ नकोस, रक्तस्राव वाढतो.

बीपी हे सगळ्यात मोठं. गोळीनंतर सगळ्यात जास्त फायदा कशाने तर बीपीने. १३० बाय ८० च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो, आणि घरी मोजायचं तर पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीला ठेवून, त्यावेळी गप्पा नाही. रोजचे आकडे वहीत लिहा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो, क्लिनिकमधल्या एका रीडिंगपेक्षा कितीतरी जास्त. बीपी जास्त राहिलं तर पातळ रक्तावर मेंदूत रक्तस्रावाची भीतीही वाढते, म्हणजे दोन्हीकडून मार. कोलेस्टेरॉलमध्ये एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली, अटॅक येऊन गेलेल्यांना बरेच डॉक्टर ५५ च्या खाली सांगतात. सिगरेट, तंबाखू, दारू असेल तर बंद. आणि रात्री मोठ्याने घोरून मधेच श्वास थांबतो का ते बघ, तो स्लीप अॅप्नियाचा प्रकार असू शकतो आणि त्याने एएफ आणि बीपी दोन्ही बिघडतं, बहुतेक घरात हे कुणी डॉक्टरांना सांगतच नाही. पुढे कधी ठोके नॉर्मल झाले, अॅब्लेशन (एएफ थांबवण्यासाठी हृदयात नळी घालून करतात ती प्रोसीजर) केलं, तरी रक्त पातळ करायची गोळी आपोआप बंद होत नसते, बाबांसारख्या पेशंटला तर नाहीच.

इमर्जन्सीचं घरातल्या सगळ्यांना पाठ असू दे: चेहरा एका बाजूला वाकडा, एक हात किंवा पाय गळणं, बोलणं अडखळणं, एकदम दिसेनासं होणं किंवा तोल जाणं. पाच मिनिटांत बरं वाटलं तरी निघायचं, कारण अशा मिनी स्ट्रोकनंतरचे पहिले दोन दिवस सगळ्यात जास्त धोक्याचे असतात. हॉस्पिटलमध्ये दोन गोष्टी सांगायच्या, बाबा शेवटचे ठीकठाक कधी दिसले होते ते, आणि शेवटची गोळी कधी घेतली ते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत देतात आणि रक्त पातळ करायची गोळी नुकतीच घेतली असेल तर ते बहुतेक देता येत नाही, पण तारेने गुठळी बाहेर काढायचा पर्याय तरीही असू शकतो, म्हणून त्याची सोय असलेलं हॉस्पिटल कुठलं ते आधीच माहीत करून ठेव.

आता बाबा. मला त्यांच्या स्कोरपेक्षा त्यांचं फिरणं बंद झालंय याची जास्त काळजी वाटतेय. स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एका माणसाला डिप्रेशन येतं, घरच्यांना वाटतं घाबरलेत, आळशी झालेत, हट्टी झालेत, पण तो आजाराचाच भाग असतो आणि त्याला इलाज आहे. झोप कशी आहे, जेवणात लक्ष आहे का, आधी ज्यात रमायचे त्यात रमतात का, हे बघ आणि न्यूरोलॉजिस्टला आपणहून सांग, ते विचारतीलच असं नाही. त्यांना आकड्याबद्दल खोटं सांगू नकोस, त्यांनी वाचलंय. शेजारी बसून कागदावर शंभर ठिपके काढ, गोळी नसेल तर दहा रंगव, आणि गोळी नीट घेतली तर त्यातले सहा-सात खोडून दाखव. मी पेशंटना असंच दाखवते, टक्के सांगण्यापेक्षा हे लवकर पटतं. गोळ्यांसाठी सकाळ-संध्याकाळचे खण असलेली डबी आण आणि संध्याकाळचा अलार्म तुझ्या नाही तर त्यांच्याच मोबाईलवर लाव, त्यांचं औषध त्यांच्याच हातात राहू दे. फिरायला सुरुवातीला कुणीतरी सोबत जा, घरातल्या घरात का होईना, बाथरूममध्ये पकडायला दांडी लाव, आणि फिजिओथेरपी मधेच सोडली असेल तर परत सुरू करा, चार महिने म्हणजे काही उशीर झालेला नाही, हात अजून सुधारू शकतो.